वकीलताई, हे आभार चारचौघांत मानायचे आहेत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या कोठडीतून तुम्ही सोडवलंत, त्याचे फोनवर आभार मानून झाले, आईने तर रडतच मानले. तरी हे पत्र उघड लिहितोय. नाव घालू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून घालत नाही. पण सांगली-कोल्हापूरकडची, खानदेशातली, विदर्भातली कितीतरी पोरं अमेरिकेत शिकायला गेली आहेत. फी थकली, नोकरी गेली आणि त्यांतल्या काहींच्या व्हिसाचं सगळंच विस्कटलं. घरातली माणसं यावर बोलत नाहीत, लाजेने गप्प बसतात. त्यांच्यापर्यंत तुमचं काम पोचावं असं फार वाटतं.

२०२५ च्या ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. हातापायांत बेड्या घालून आणलेली ती माणसं टीव्हीवर बघताना आमच्या गल्लीत एकच वाक्य ऐकू येत होतं, "बेकायदा राहिले ना, मग भोगा." त्याच वर्षाच्या अखेरीला माझ्या धाकट्या भावाला पकडलं, आणि ते वाक्य भावकीतून आमच्या दारात आलं.

अशा वेळी तुमचा फोन आला. तुम्ही सांत्वन करत बसला नाहीत. पहिला प्रश्न, "ए-नंबर मिळाला का?" परदेशी माणसाच्या फाइलचा हा नऊ आकडी नंबर. तो आणि जन्माचा देश एवढं सांगितलं, की माणूस कुठल्या केंद्रात ठेवलाय ते ऑनलाइन शोधता येतं. तो कुठे आहे हे आम्हाला तोवर कळलंच नव्हतं, तुम्ही त्याच रात्री शोधून दिलंत. दुसरा प्रश्न, "त्याने कशावर सही केलीय का?"

केली नव्हती. समोर कागद ठेवला होता, "सही कर, लवकर घरी जाशील" असं सांगितलं होतं. त्या कागदावर न्यायाधीशासमोर जायचा हक्क सोडून दिल्याचं लिहिलेलं होतं. तुम्ही त्याला फोनवर शांतपणे एकेक गोष्ट सांगितलीत. सही करायची सक्ती नाही. चौकशीत गप्प राहता येतं. न्यायाधीशापुढे उभं राहता येतं, भाषा येत नसेल तर तिथे दुभाषा मिळतो, आणि त्याचा खर्च न्यायालय करतं. सरकारने आपल्याविरुद्ध काय पुरावा दिलाय तो बघता येतो. निकाल विरोधात गेला तर अपील करता येतं. आपल्या वकिलातीला कळवा असं म्हणता येतं, कारण १९६३ च्या व्हिएन्ना करारावर अमेरिकेचीही सही आहे. भाऊ नंतर म्हणाला, "त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली."

वकिलाचं मात्र फार अवघड आहे. तिथे इमिग्रेशनची कोठडी ही कायद्याच्या लेखी शिक्षा नव्हे, ती दिवाणी बाब. त्यामुळे फौजदारी आरोपीला मिळतो तसा सरकारी खर्चाचा वकील तिथे मिळत नाही. वकील ठेवायचा हक्क आहे, पैसे ज्याचे त्याने उभे करायचे. समोर सरकारचा वकील असतोच. आणि कोठडी? कुलूप, गणवेश, मोजणी, सगळं तुरुंगाचंच. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मागता येतो. तो मिळेपर्यंत काय हाल होतात ते आपण जाणतो, पण निदान मागता तरी येतो. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये कोठडीतल्या स्थलांतरितांसाठी सार्वजनिक पैशातून वकील द्यायची योजना सुरू केली, तशा सोयी अजून थोड्याच ठिकाणी आहेत. बाकीच्यांचा भार तुमच्यासारख्या, देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांवर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या देशात साठ हजारांहून जास्त माणसं अशा कोठडीत होती. त्यांतल्या आमच्या एकासाठी तुम्ही रात्री जागलात.

बाँडच्या, म्हणजे जामिनाच्या, सुनावणीत न्यायाधीश मुख्यतः दोन गोष्टी बघतो, हा माणूस धोकादायक आहे का आणि सोडला तर पळून जाईल का. तुम्ही त्या दोनच प्रश्नांची उत्तरं गोळा केलीत. कॉलेजचं पत्र, घरमालकाचं पत्र, तिथल्या मराठी मंडळातल्या दोघांची पत्रं, आमच्या वडिलांच्या आजारपणाचे कागद इंग्रजीत करून. दीड हजार डॉलरच्या खाली बाँड देता येत नाही. याचा आकडा त्याच्या बराच वर गेला, तो तिथे कायमचं राहणाऱ्या मित्राने भरला. त्या मित्राचेही आभार इथेच मानतो.

पण ताई, या पत्राचं खरं कारण पुढेच आहे. भावाच्या शेजारच्या बंकवर गुजरातचा एक पोरगा होता, मेक्सिकोची सीमा चालत ओलांडून आलेला. भाऊ व्हिसावर, विमानतळावरून शिक्का घेऊन आत गेला होता, म्हणून त्याला बाँड मागता आला. त्या पोराला नाही. ५ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या इमिग्रेशन अपील बोर्डाने ठरवलं, की तपासणीशिवाय आत आलेल्यांना इमिग्रेशन न्यायाधीश बाँडवर सोडू शकत नाही, मग तो माणूस किती का वर्षं तिथे राहिलेला असेना. भावाने सुटताना तुम्हाला त्याचं नाव दिलं. तुमच्याकडे आधीच फायलींचा ढीग होता. तरी त्याच आठवड्यात तुम्ही त्याच्यासाठी फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्रीय, कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे या माणसाला कोंडणं कायदेशीर आहे का ते कोर्टाने तपासावं असा अर्ज, दाखल केलंत, तेही त्याला दुसऱ्या राज्यात हलवायच्या आत, कारण माणूस ज्या हद्दीत कोंडलेला असतो तिथल्याच कोर्टात तो अर्ज लागतो.

हेबियस कॉर्पस म्हटल्यावर आमचे वडील उठून बसले. आणीबाणीत ते मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करायच्या कायद्याखाली, आत होते. २८ एप्रिल १९७६ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मताने स्थानबद्धांना हे दार बंद केलं, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. वडिलांनी ती बातमी तुरुंगात ऐकली होती. "का पकडलं ते कोर्टात येऊन सांगा, एवढंच मागणं असतं," ते म्हणाले, "ते मागायलाच जागा नसली की माणूस आतून खचतो. त्या पोराचं काय झालं ते बाईंना विचार." मग दर फोनला आम्ही आधी त्याची चौकशी करू लागलो.

तुम्ही वडिलांना १८९६ चा वाँग विंगचा खटला सांगितलात, तो ते आता येईल त्याला सांगतात. डेट्रॉइटमधल्या त्या चिनी माणसाला देशात राहायचा परवाना नाही म्हणून खटला न चालवताच साठ दिवस सक्तमजुरी दिली होती. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. देशाबाहेर काढायचा अधिकार सरकारला आहे, पण खटल्याशिवाय शिक्षा द्यायचा नाही, आणि हे संरक्षण परक्या माणसालाही आहे, असं ठरलं. भावकीतल्या त्या वाक्याला आमच्याकडे आता हे उत्तर आहे.

भाऊ परत आलाय. राहायचं की यायचं हा निर्णय तुम्ही सर्वस्वी त्याच्यावर सोडलात. हद्दपारीचा हुकूम झाला तर दहा वर्षं दार बंद, न्यायाधीशाच्या परवानगीने स्वतःहून निघालं तर तो हुकूम माथी लागत नाही, हे कागदावर आखून दाखवलंत. त्याने तिकीट काढलं आणि मुंबईला उतरला. सध्या मिरजेत कामाला जातो.

त्या पोरालाही कोर्टाने बाँडची सुनावणी द्यायला लावली आणि तो बाहेर आला, हे तुमच्या निरोपातून कळलं तेव्हा वडिलांनी पेढे आणायला लावले. देशभरातल्या अनेक फेडरल न्यायाधीशांनी बोर्डाने लावलेला कायद्याचा तो अर्थ अमान्य केलाय असं तुम्ही म्हणालात. त्याचा आश्रयाचा दावा अजून चालू आहे. त्याच्या वडिलांना इंग्रजी येत नाही, ते आता मला हिंदीत फोन करतात. पुढची तारीख पडली की कागद माझ्याकडे पाठवा. त्यांना समजावून सांगायचं काम मी करेन, तेवढा तुमचा वेळ दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

आई-वडिलांचे आशीर्वाद. सांगलीला घर आहे, हे लक्षात असू द्या.

तुमचा ऋणी,
एक थोरला भाऊ