मिरगाआधीची आगोट

मस्कत, ५ एप्रिल

प्रिय दादा,

आई-बाबांना आणि वहिनींना नमस्कार.

यंदाची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, कधी उरकायची, तेवढ्यासाठी लिहितोय. बाबा म्हणतील, मिरग (मृग नक्षत्र) जूनच्या ७-८ तारखेला, आत्तापासून कसली घाई? पण २०२५ साली पाऊस २५ मे रोजीच देवगडला पोचला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यावरच आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तर २०२० चं निसर्ग ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. तिन्ही वेळा मिरग लागायचा होता. मे महिन्यात अरबी समुद्र तापलेला असतो आणि वादळाला जोर त्या पाण्यातूनच मिळतो. तेव्हा छप्पर, लाकडं, आमसुलं सगळं १५ मेच्या आत घरात हवं.

छपरापासून सुरुवात कर. वारा पडवीच्या कडेखालून आत शिरतो, कौलं खालून उचलतो आणि आढ्यावरून पलीकडे जाताना वरूनही ओढतो. म्हणून पहिल्यांदा जातात त्या खालच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या कडा आणि आढं. सगळं घर शाकारायला वेळ नसेल तर एवढंच बांध. मंगलोरी कौल उलटं केलंस की खालच्या अंगाला भोक असलेला उंचवटा दिसेल. त्यात जस्ताची तार ओवायची आणि रिपेला, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीला, दोन वेढे देऊन पिळायची. त्याआधी रीप स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघ. टोक सहज आत गेलं तर ती बदल, नाहीतर कौल रिपेसकट जाईल.

गोठ्याच्या पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर हवेत, पाणी वाहतं त्या पन्हळीत नकोत. रबरी वायसर उन्हानं तडकतात, ते सगळे बदल. स्क्रू फार आवळला तर वायसर चेपून बाहेर येतो आणि तिथूनच गळती लागते. सैल ठेवला तर पत्रा थडथडून भोक मोठं करतो, मग वादळात स्क्रू जागेवर आणि पत्रा शेजाऱ्यांच्या परसात. कडेच्या ओळीत एक सोडून एक उंचवट्यावर स्क्रू मार. आणि ते वर ठेवलेले चिरे कृपा करून उतरव. पत्रा उचलला की चिरा घरंगळणार, खाली कोण उभं असेल सांगता येत नाही.

आता आमसुलं, हे वहिनींना वाचून दाखव. सालींना रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा वाळवायचं म्हणजे सलग कडक ऊन लागतं, आणि मेमध्ये तेच बेभरवशाचं झालंय. सगळी कोकमं एकदम फोडू नका, दोन-तीन घाण्यांत करा. खळ्यात बांबूच्या कमानी रोवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणा, आत हातभर उंचीवर जाळी ठेवा आणि साली एकाच थरात पसरा. दोन्ही तोंडं दिवसा उघडी हवीत. बंद ठेवली तर आतली वाफ प्लास्टिकला लागून थेंब थेंब परत सालींवर पडते आणि बुरशी धरते.

बागेत तोडणी सकाळी दहाच्या आत संपव. आंबा कातळावर ठेवू नको, करंड्या सावलीत हव्यात. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागली की साका (आतला गर पांढुरका, स्पंजासारखा होणं) वाढतो, म्हणून झाडाखाली पाल्याचं आच्छादन बरं. पण ते बांधावरच्या सुक्या गवताला भिडू देऊ नको, वणवा थेट खोडापर्यंत येईल. इकडे ओमानात जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आपल्या गड्यांना एप्रिल-मेमध्ये तीच सुट्टी दे.

शेवटचं, विहीर. वादळानंतर वीज किती दिवस नसेल याचा नेम नाही, तेव्हा रहाट आणि दोर तयार ठेव. गढूळ पाणी आत गेलं तर ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम. लिटर काढायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ नं गुण. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत थोड्या पाण्यात कालव, पाऊण बादली पाणी घालून ढवळ आणि दहा मिनिटं निवळू दे. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत सोड आणि दोरानं खालीवर हलव. तळाचा चुना आत टाकायचा नाही, पाणी जड होतं. तासभर उपसा बंद. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेव. डबा उघडल्यावर वास नाकात गेला नाही तर ती मेलेली समज.

आपल्या विहिरीचा व्यास आणि आत्ताची पाण्याची उंची मोजून कळव. पावसाळ्यात पाणी चढेल तसं माप परत घ्यावं लागेल.

तुझा धाकटा भाऊ