पहिली बासरी मुलाच्या हाताच्या मापाची हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा संपत आल्या तसे जुळे सोलापूरपासून मुरारजी पेठेपर्यंत उन्हाळी छंदवर्गांचे फलक लागले आहेत. त्यात बासरीचे वर्गही दिसतात. मी बासरी शिकवतो, त्यामुळे याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र वर्ग सुरू होण्याआधीच पालक बासरी घेऊन मोकळे होतात आणि मुलाचं घोडं तिथंच अडतं.

परवा चौथीतला एक मुलगा आईबरोबर आला. हातात पांढरी तीनची, म्हणजे जिचा षड्ज (सा) पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीशी जुळतो ती, सुमारे ३० इंच लांब बासरी. मैफिलीत मोठे कलाकार वाजवतात ती. "हीच प्रोफेशनल आहे म्हणाले की ओ दुकानात," आई म्हणाली. मुलानं वरची तीन छिद्रं कशीबशी झाकली. खालच्या हाताची अनामिका काही सहाव्या छिद्रापर्यंत पोचेना. ताणून पोचवली की वरचं बोट किंचित उचललं जायचं, हवा निसटायची आणि सूर फाटायचा. पोरगं रडवेलं झालं, आपल्यालाच येत नाही असं वाटून. खरं तर त्या लांबीच्या बासरीची छिद्रं मोठी माणसंसुद्धा बऱ्याचदा बोटांच्या टोकांनी नव्हे, मधल्या पेरांनी झाकतात.

लांब बासरी मुळात सुरुवातीसाठी घडलेलीच नाही. थोर बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी शास्त्रीय रागदारीसाठी, खर्जातला भारदस्त आवाज मिळावा म्हणून बांबू लांबवत नेला, पार ३२ इंचांपर्यंत. त्यामागे त्यांची तयारी होती, दमसास होता. नवशिक्याची फुंक अजून ओठांवर स्थिरावलेलीही नसते.

माझ्या मते मोठ्या माणसानं किंवा हायस्कूलच्या मुलानं पांढरी एकची मध्यम बासरी घ्यावी, साधारण १९ इंचांची. प्राथमिक शाळेतल्या मुलाला पांढरी पाचची छोटी, १३ इंचांच्या आसपासची पुरते. पट्टी ओळखायची ती वरची तीन छिद्रं झाकल्यावर येणाऱ्या षड्जावरून. पण त्याआधी गुरुजींना विचारा. वर्गात सगळे एका पट्टीत वाजवत असतील, तर वेगळ्या पट्टीची बासरी कितीही चांगली असली तरी घरीच राहते.

दुकानात रंगीत गोंडे पाहू नका, सूर पाहा. स्वतःला वाजवता येत नसेल तर येणाऱ्याला बरोबर न्या. मोबाइलवर तानपुरा लावून षड्ज जुळतो का ते ऐका. मग सहाही छिद्रं झाकून हलकी फुंक मारली की मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम (प) येतो. तशीच बोटं ठेवून जोर वाढवला की मध्य सप्तकातला पंचम यायला हवा. तो खाली उतरलेला ऐकू आला तर बासरी परत ठेवा. असा दोष नवशिक्याला कळत नाही. तो आपलंच चुकतंय समजून महिनोन्‌महिने झगडत राहतो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मिळणारी, टोकाशी तोंड लावून वाजवायची बासरी मुलांनी हौसेनं जरूर वाजवावी, पण वर्गात तिचा उपयोग नाही. आडव्या बासरीची फुंक वेगळी असते.

मोठी बासरी कधी घ्यायची, हेही पालक विचारतात. मध्यम बासरीवर मंद्र सप्तकातला सूर न थरथरता लांबवर टिकू लागला, संथ लयीत अलंकार, म्हणजे सुरांचे सरावाचे पलटे, स्वच्छ निघू लागले, की पांढरी पाचचीच, पण छोटीपेक्षा एक सप्तक खालची लांब बासरी, म्हणजे साधारण २५ इंचांची, हातात घ्यावी. पांढरी तीन त्यानंतर. वर्ष-दोन वर्षं लागली तरी बिघडत नाही.

आपल्या गावात आणखी एक भान हवं. सोलापूरचा पारा ४२ च्या वर गेला की सुका बांबू उभा तडकतो, आणि तडा गेलेल्या बासरीचा सूर जातोच. म्हणून दोऱ्यानं घट्ट बांधलेली बासरी घ्या. पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत ती ठेवू नका. अधूनमधून आतून तेलाचा हलका हात फिरवा.

वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की फलकावर शुल्काशेजारी कोणत्या पट्टीची, किती लांबीची बासरी लागेल तेही छापावं आणि दोन-तीन मापांच्या बासऱ्या वर्गात ठेवून, मुलाची बोटं कुठे पोचतात ते पाहूनच खरेदीला पाठवावं. दुकानदारांनीही गिऱ्हाइकाला बासरी वाजवून पाहू द्यावी. तोंड लागलेलं वाद्य पुसून घ्यायला स्पिरिटचा एक बोळा पुरतो.

आपला,
एक बासरीशिक्षक, जुळे सोलापूर