निवेदक क्रमांक १४

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मानवशास्त्रावरचा लेख वाचला. लेखकाचा व्यासंग दांडगा आहे, वादच नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मोजलेल्या कवट्यांवरच अर्धा रकाना आहे! पण ‘खेड्यातली माणसे अभ्यासकाला मोकळेपणाने माहिती देत नाहीत’ हे वाचलं आणि चहाचा ठसका लागला.

१९८८ साली जुन्नरजवळच्या आमच्या गावी एक संशोधक आले होते. चार दिवस आमच्याच ओसरीवर मुक्काम, आईच्या हातचं पिठलं-भाकरी. आईला जात्यावर बसवून तिच्या ओव्यांनी दोन कॅसेटी भरल्या. “मावशी, महिन्याभरात कॉपी पाठवतो,” म्हणाले. पुढं कितीतरी दिवस आई पोस्टमनला थांबवून विचारायची.

बऱ्याच वर्षांनी भाच्याला ग्रंथालयात त्यांचा प्रबंध सापडला. आईचं नाव कुठंच नाही. ‘निवेदक क्र. १४, निरक्षर’. अहो, आई चौथी पास होती, चातुर्मासात आळीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवायची! एका ओवीत नारायण येतो, त्याखाली तळटीप: ‘सूर्योपासनेचा अवशेष’. नारायण म्हणजे माझा मामा. दिवाळीला बैलगाडी घेऊन तिला माहेरी न्यायला यायचा. रेकॉर्डिंग चाललं होतं तेव्हा हा अवशेष शेजारीच तंबाखू मळत बसला होता. विचारायचं तरी!

सगळेच असे नसतात, हेही मान्य. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या गाणारणींच्या नावागावासकट. इरावतीबाई वारीत चालल्या तेव्हा त्यांच्याच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात, हे त्यांनी न लपवता लिहिलं. आपल्या लेखकांनी बाईंना बर्लिनहून पंढरीच्या वाटेपर्यंत येऊच दिलं नाही.

आई २००३ साली गेली. तिचा आवाज आमच्या घरात कुणाकडेच नाही. ते संशोधक आपला अंक वाचत असतील तर कॅसेटी पाठवाव्यात. बुरशी आलेली असली तरी चालेल, पोस्टेज मी भरीन.

आणि हो, लेखासोबत ‘पारंपरिक जाते’ म्हणून जो फोटो छापलाय, तो पाटा-वरवंट्याचा आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, जुन्नर