नाव कर्दळीचे, काम खडीचे

महोदय,

सांडपाणी शेतीला देण्यासाठी रूट झोन वाफ्यांचा, म्हणजे खडी भरून त्यात पाणथळ झाडे लावलेल्या आणि सांडपाणी गाळून शुद्ध करणाऱ्या वाफ्यांचा, पुरस्कार होतो, तो योग्यच आहे. मात्र कर्दळ लावली की पाणी शुद्ध झाले, या समजुतीपायी अनेक वाफे बुजतात. झाडे नत्र-स्फुरद थोडेच उचलतात. घाण खातात ते खडीवर आणि मुळांवर वाढलेले जिवाणू.

म्हणून आधी हवी ती वाफ्यापूर्वीची दोन कप्प्यांची टाकी. तिच्यात पाणी दिवस-दीड दिवस थांबले की गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर राहतो. खर्च वाचवायला नेमकी हीच टाकी वगळली जाते. मग वाफ्याच्या तोंडाशीच खडीत चिखल भरतो, पाणी वर येऊन वाहते, डास होतात आणि बोल लागतो झाडांना.

आकाराचा हिशेब अवघड नाही. रोजचे 500 लिटर पाणी 4 दिवस वाफ्यात थांबवायचे, तर वाफ्यात 2,000 लिटर मावले पाहिजे. खडीतली पोकळी साधारण 40 टक्के, म्हणजे खडी 5 घनमीटर. पाण्याची खोली अर्धा मीटर धरल्यास जागा 10 चौरस मीटर. त्यावर 10 सेंमी कोरडी खडी. तळाला जाड प्लॅस्टिकचे अस्तर आणि 1 टक्का उतार. दोन्ही टोकांना 40 ते 80 मिमीचे दगड, मध्ये 10 ते 20 मिमीची खडी, तीही धुतलेली. क्रशरची भुकटी राहिली तर वाफा पहिल्याच दिवशी अर्धा बुजलेला समजा. वर माती तर मुळीच नको.

बाहेर पडणाऱ्या पाइपाला फिरता एल्बो (वळवता येणारा कोपरा) लावावा, म्हणजे वाफ्यातली पाण्याची पातळी वर-खाली करता येते. लागवडीनंतर पाणी खडीच्या पृष्ठभागालगत ठेवायचे, मुळे खोल गेली की हळूहळू 10 सेंमी खाली उतरवायचे. कर्दळ, पाणकणीस, वाळा यांपैकी काहीही चालेल, चौरस मीटरला 4 रोपे. कापलेला पाला वाफ्यात कुजू देऊ नये. उचललेले नत्र पुन्हा पाण्यात जाते.

क्षार मात्र वाफा काढत नाही. उलट पानांवाटे पाणी उडून गेल्याने ते वाढतात, आणि धुण्याच्या पावडरीतल्या सोडियममुळे भारी जमीन चोपण होते. पाण्यातल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता नियमित मोजलेली बरी.

रोगजंतूही वाफा पुरते काढत नाही. 100 मिलीलिटरमध्ये विष्ठाजन्य जिवाणू कोटीभर असतील, तर शंभरपट घटूनही लाखभर उरतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये सुचवलेली मर्यादा होती 1,000. तेव्हा हे पाणी चारा आणि फळझाडांना, तेही आच्छादनाखालच्या ठिबकने द्यावे. तुषार सिंचन टाळावे. ठिबकआधी 120 मेशचा डिस्क फिल्टर लावावा आणि साठवण टाकी झाकलेली असावी, नाहीतर शेवाळ ड्रिपर बंद करते. कच्ची खायची पालेभाजी घ्यायचीच असेल, तर वाफ्यानंतर निर्जंतुकीकरण आणि प्रयोगशाळेतली तपासणी या दोन्हींना पर्याय नाही.

– सांडपाणी प्रक्रियेच्या क्षेत्रातील काही वाचक