हेल्मेटला भोक पाडायला ‘नाही’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

दिवाळी उरकून थंडी पडायला लागली की तुमच्या सायकल दुरुस्तीच्या टपरीसमोर हेल्मेट हातात घेऊन उभ्या राहणाऱ्यांची गर्दी होते. मागणी ठरलेली : “इथं एक भोक पाडा आणि लाइट नटबोल्टनं आवळून द्या, हलायला नको.” तुमचं उत्तरही ठरलेलं : “आवळायचा तो सायकलला. डोक्याला नुसता बांधायचा.” या एका वाक्याबद्दल हे उघडं पत्र. तुम्हाला यातलं सगळं पाठ आहे. तरी बारीकसारीक लिहितो आहोत, कारण नुसते आभार मानून उद्या पहाटे पाचला निघणाऱ्याच्या हाती काय पडणार?

आधी भोकाचं. हेल्मेटचं खरं काम आतला थर्माकोल करतो. वरचं रंगीत कवच पातळ असतं. पडल्यावर थर्माकोल चिरडतो आणि धक्का स्वतःत जिरवतो. त्यात बोल्ट घातला की तोच धक्का एका टोकावर येतो, आणि त्या टोकाचं तोंड कवटीकडे असतं. मग लोक चिकटवण्यावर येतात. पंक्चरचं सोल्युशन हाताशी असतंच, पण त्यातलं द्रावण थर्माकोल खातं. पेट्रोल, थिनर आणि बरेचसे झटपट चिकटणारे गोंदही तेच करतात. शाळेत पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळवून टाळ्या पिटणाऱ्यांना स्वतःच्या हेल्मेटच्या वेळी हे कसं आठवत नाही, देव जाणे. हॉट ग्लू तर आणखी फसवा. गनमधून तो सव्वाशे ते दोनशे अंशांवर बाहेर पडतो, आणि थर्माकोल शंभराच्या आसपासच मऊ होतो. बाहेरून सगळं छान दिसतं, कवचाखाली मात्र खळगा पडलेला असतो.

तुमची पद्धत सोपी आहे. २० मिमी रुंद, २५ ते ३० सेंमी लांब वेल्क्रोची पट्टी. हेल्मेटच्या मधल्या फासळीच्या दोन्ही बाजूंना हवेची भोकं असतात. पट्टी एकातून आत घालायची, दुसऱ्यातून बाहेर काढायची आणि दिव्याच्या बैठकीवरून ओढून घ्यायची. बैठकीखाली जुन्या ट्यूबचा ४ बाय ५ सेंमीचा तुकडा, खडूची पावडर पुसून. हा तुकडा नसला तर पट्टी कितीही ओढा, गुळगुळीत कवचावर दिवा पहिल्या खडबडीत किलोमीटरातच मान टाकतो. हेल्मेटच्या आत पट्टीशिवाय काही जाता कामा नये. बक्कल नको, केबल टायचं (प्लॅस्टिकच्या आवळपट्टीचं) डोकं नको, गाठही नको. आणि ज्या हेल्मेटांत आत पिवळा, किंचित सरकणारा पातळ थर असतो, त्यांत पट्टी थर्माकोल आणि त्या थराच्या मधून न्यायची. दोन्हींना एकत्र बांधलं तर थर सरकत नाही, आणि त्याचे जादा मोजलेले पैसे वाया जातात.

वेल्क्रो बसत नाही तिथं केबल टाय, पण तोही तुम्ही निवडून देता. २.५ मिमीचा टाय साधारण ८ किलोच्या ओढीला तुटतो, ४.८ मिमीचा २२ किलोच्या. दुकानदार जाड टाय ‘मजबूत’ म्हणून पुढे करतो. पण गावाकडच्या रस्त्यावर बाभळीची फांदी दिव्यात अडकली, किंवा पडल्यावर दिवा डांबरावर खरचटत गेला, तर तुटायला हवा तो टायच. तो तुटला नाही तर झटका मानेला बसतो. म्हणून बारीक टाय, दोनच, आणि वरून टेप गुंडाळायची नाही. दिवा रस्त्यात गेला तर गेला. मानेपेक्षा तो स्वस्त आहे.

वजनाचंही तसंच. हेल्मेट मुळात अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमचं. पुढे शंभर ग्रॅमपर्यंतचा दिवा खपून जातो. दीडशेच्या पुढे गेलात की हेल्मेट कपाळावर घसरतं आणि चौथ्या तासाला मान बोलायला लागते. रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी देणारे शेतकरी डोक्याला बांधतात ती बॅटरी शेतात उभं राहायला उत्तम. सायकलवर पुढे वाकून, मान वर करून बसलं की तिचं वजन दुप्पट वाटतं, आणि तिचा इलॅस्टिकचा पट्टा हेल्मेटवरून निसटतो तो वेगळाच. तीच वापरायची असेल तर पट्टा चार ठिकाणी बारीक टायने फासळ्यांना अडकवावा आणि सेलचा डबा मागे घ्यावा, म्हणजे तोल तरी सांभाळतो.

बॅटरी खिशात ठेवून वायर वर नेणाऱ्यांची एक चूक तुम्ही नेहमी पकडता : वायर मापात कापलेली असते. मान दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि हनुवटी छातीला टेकवून पाहिलं की कळतं, किमान पंधरा सेंमी ढील लागते. जोड मानेच्या मागे, ओढला की सुटणारा. आटे पिळून बसवायचा जोड नको. हेल्मेट काढताना वायर विसरतोच माणूस.

सेलबद्दल तुमचं ऐकलं असतं तर पुष्कळांचे पैसे वाचले असते. १८६५० मापाच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) एका चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० एमएएचच्या (साठवणक्षमतेचं माप) आसपास मावतं. त्यावर ‘९९००’ छापलेलं असेल तर तो आकडा छापखान्याचा. असा सेल किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावा : खरा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, पुष्कळ हलका भरला तर परत करावा. ३५०० चा सेल म्हणजे साडेबारा वॉट-तास. दोनशे ल्युमेनच्या (प्रकाशाचं माप) उजेडाला अडीच वॉट धरले तर कागदावर पाच तास. आपण चार धरावेत. मागच्या छोट्या लाल दिव्याला पॉवर बँक जोडणाऱ्यांना आणखी एक धडा मिळतो. दिवा इतकी कमी वीज ओढतो की पुष्कळ पॉवर बँकांना काही जोडलेलंच नाही असं वाटतं आणि त्या आपोआप बंद होतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वाद घातलात. नुसत्या हेल्मेटच्या दिव्यावर कुणी निघू नये. हा दिवा डोळ्यांच्या जवळ असतो, त्यामुळे खड्ड्याच्या कडेची सावली खड्ड्यामागेच लपते. सावली दिसली नाही की खोली कळत नाही, सगळा रस्ता सपाट वाटतो. रंग न मारलेला गतिरोधक हेल्मेटच्या प्रकाशात चक्क गायब होतो. हँडलचा दिवा खालून येतो, लांब सावल्या पाडतो आणि खड्डा काळा दिसतो. कुणाला पटत नसेल तर अंगणात एक वीट ठेवावी, टॉर्च आधी कानाशी आणि मग गुडघ्याशी धरून बघावं. म्हणून हँडलवर रुंद झोताचा दिवा, रस्त्यासाठी. हेल्मेटवर अरुंद झोताचा, दीडशे ते तीनशे ल्युमेनचा, नजरेसाठी : घाटात वळणाच्या आत डोकावायला, पाटी वाचायला, चेन उतरली तर बसवायला, आणि फाट्यावर गाडीवाल्याला आपण कुठे बघतोय ते कळायला. बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायच्या सायकल-राइडच्या) नियमातही दिवे सायकलला पक्के लावलेले लागतात, हेल्मेटचा वरकड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पहाटे सहाला सुटणाऱ्याला दोन्ही टोकांना अंधार भेटू शकतो. ४०० च्या २७ तासांत तर अख्खी रात्र जाते.

झोत लावायची तुमची भिंतीची युक्ती आम्ही जशीच्या तशी इथं लिहितो. सायकलवर नेहमीसारखं बसायचं, भिंत हेल्मेटच्या दिव्यापासून ५ मीटरवर. हेल्मेटचा दिवा जमिनीपासून समजा १६० सेंमीवर आहे. भिंतीवर खडूने ८० सेंमीवर खूण करायची आणि झोताचा मध्य तिथं आणायचा. निम्म्या अंतरावर निम्मी उंची, म्हणजे रस्त्यावर झोत १० मीटरवर पडतो. हे करताना थंडीची टोपी घातलेली असावी. कानटोपी घातली की हेल्मेट वर उचललं जातं आणि सगळा कोन बदलतो. माकडटोपीवर हेल्मेट घालणाऱ्यांना तुम्ही हात जोडता, ते बरोबरच आहे : जाड लोकरीवर हेल्मेट घट्ट बसतच नाही, मग दिवा कुठं बघतोय हा पुढचा प्रश्न. पातळ बफ (डोक्यावर-मानेवर ओढायची कापडी नळी) किंवा कान झाकणारी पट्टी पुरते.

मागचा लाल दिवा हेल्मेटच्या उतारावर लावला की मुळातच थोडा आभाळाकडे बघतो. दमलेला माणूस मान खाली घालतो तेव्हा तर तो पूर्ण वरच वळतो, आणि मागच्या ट्रकवाल्याला काहीच दिसत नाही, नेमका जेव्हा दिसायला हवा तेव्हा. म्हणून दिव्याच्या बैठकीखाली ट्यूबच्या घडीची पाचर, आणि सीटच्या दांड्याला दुसरा लाल दिवा हवाच. ग्रुपमध्ये हेल्मेटचा लाल दिवा लुकलुकता ठेवू नये. मागच्याच्या थेट डोळ्यांच्या उंचीवर असतो तो, दहा मिनिटांत डोकं उठतं.

समोरून येणाऱ्याचंही तेच. बोलायला मान वळवली की शेजाऱ्याचे डोळे दिपतात, आणि मोटारसायकलवाला दिपला तर तो आपल्याच अंगावर येतो. गाडी समोर आली की तोंड रस्त्याच्या डाव्या कडेकडे, ही सवय अंगात मुरवावी लागते. धुक्यात, किंवा कुणी पाचट पेटवलंय तिथल्या धुरात, हेल्मेटचा दिवा सरळ बंद करावा. डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. निफाडकडच्या कडाक्यात तर स्वतःच्या श्वासाची वाफच झोतात चमकते. चिलटांचं वेगळं सांगायला नको. पाण्याच्या कडेने जाताना ती थेट दिव्याकडे, म्हणजे तोंडाकडे येतात. बिनरंगी चष्मा लावावा, तोंड मिटावं.

परदेशात बर्फात सायकल चालवणाऱ्या आपल्या माणसांनाही हीच बांधणी चालते. फक्त तिथं बॅटरी जॅकेटच्या आत ठेवावी, कारण गारठ्यात ती लवकर उतरते, आणि शून्याखाली गेलेला सेल घरात ऊब धरल्याशिवाय चार्ज करू नये, तो कायमचा खराब होतो. पडत्या बर्फात दिव्याचं धुक्यासारखंच होतं. कायदाही पाहावा. ब्रिटनमध्ये सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा सायकलवरच असावा लागतो, हेल्मेटचा त्यात धरत नाहीत.

घरी आल्यावर दिवा काढून पट्टीवरचा घाम ओल्या फडक्याने पुसायचा, चार्जिंगच्या तोंडाचं रबरी झाकण दवाने ओलं असेल तर आधी वाळू द्यायचं. आणि पडलेलं हेल्मेट, वरून चकाचक दिसलं तरी, पुन्हा डोक्यावर नाही. अशा हेल्मेटला दिवा बांधून द्यायलाही तुम्ही नकार देता, त्याचे वेगळे आभार.

आपले,
पहाटे निघणारे आम्ही सगळे

ता. क. पांढरे टाय उन्हात वर्षभरात कडक होऊन तडकतात असं तुम्ही म्हणाला होतात. २.५ मिमीच्या काळ्या टायचं शंभराचं पाकीट रविवारी पाठवतो आहोत. मजुरी घेत नाही म्हणता, निदान टाय तरी ठेवून घ्या.