उन्हातल्या उतारासाठी दिलेल्या सल्ल्याबद्दल आभार

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

घरामागच्या उतारावरची माती यंदाच्या पावसात जागेवर राहिली, याचे श्रेय तुमचे आहे, आणि ते चारचौघांत सांगता यावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

दोन मीटर आडवे गेले की एक मीटर उंची चढणारा, म्हणजे सुमारे २७ अंशांचा तो उतार दिवसभर उन्हात असतो. तुम्ही आलात तेव्हा रोपांची नावे आम्ही वारंवार विचारत होतो. तुम्ही मात्र तांब्याभर पाणी वरच्या कडेला हळूहळू ओतले आणि ते कुठे मुरते, कुठे नुसतेच ओघळून जाते, हे आम्हाला पाहायला लावले. वरची माती पातळ आणि कोरडी, तर पायथ्याशी ओल टिकून राहणारी, त्यामुळे एकाच उतारावर दोन वेगळ्या जमिनी आहेत आणि दोन्हींसाठी एकच वनस्पती निवडणे योग्य नाही, हे त्या तांब्याभर पाण्याने जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही वर्णनाने झाले नसते.

आसपासच्या माळावर उन्हात आपोआप काय तगून आहे ते आधी पाहा, असे तुम्ही सांगितलेत, आणि आमची यादी तिथूनच तयार झाली. वरच्या भागात पवन्या आणि मारवेल ही झुपक्यांनी वाढणारी गवते, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जमिनीलगत पसरणारी निळ्या फुलांची विष्णुक्रांता, आणि खाली ओलीत, पेऱ्यापेऱ्याला मुळे धरत जाणारी जलपिंपळी. खोल मुळांनी माती धरून ठेवायची आणि पसरट पानांनी पावसाच्या थेंबांचा मारा झेलायचा, ही दोन्ही कामे एका वनस्पतीकडून क्वचितच होतात, हे तुमचे म्हणणे मला सर्वांत मोलाचे वाटते. केवळ हिरवळ दिसली म्हणजे उतार सुरक्षित झाला, असे मानणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकायला हवे.

पिवळ्या फुलांची वेडेलिया लवकर पसरते म्हणून अनेकांनी सुचवली होती. ती मूळची अमेरिका खंडातली असून जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे, आणि बागेची हद्द ओलांडून ती माळावरच्या गवतांना दाबून टाकते, हे तुम्ही समजावून सांगितलेत. तुमचा तो ठाम नकार फार उपयोगी पडला.

लागवडीतले बारकावेही तुम्हीच दाखवलेत. सगळा उतार खणून काढू नये, तण उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावे, म्हणजे त्याची मुळे नवी रोपे रुजेपर्यंत माती धरून ठेवतात. प्रत्येक रोपासाठी लहानसा कट्टा करून तो किंचित डोंगराच्या बाजूला कलता ठेवावा, म्हणजे पाणी मुळाशी थांबते. तो कल किती असावा हे सांगताना तुम्ही तळहात मातीवर टेकवून बोटांची टोके जराशी खाली दाबली होती. तेच माप मी पुढच्या प्रत्येक खड्ड्याला वापरले. एका ओळीतले रोप वरच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल अशी रचना आणि वर काथ्याची जाळी, यामुळे पाण्याला सरळ खाली धावायला वाट उरली नाही. प्लास्टिक अंथरू नका, हे तुम्ही आग्रहाने सांगितलेत तेही योग्यच होते, कारण त्यावरून पाणी अधिक वेगाने घसरते आणि खालची माती कापते.

सध्या मारवेलीचे झुपके एकमेकांना भिडू लागले आहेत. वरचा एक कोपरा अजून उघडा आहे. तिथे विष्णुक्रांता विरळ आली आहे, म्हणून पवन्याचे बी धरले की तेच तिथे टाकण्याचा विचार आहे. त्यातले थोडे बी तुमच्यासाठीही राखून ठेवीन.

आपली कृतज्ञ,
उताराची राखणदार