फॉरमॅट मारण्याआधी बिघाड तरी शोधा

महोदय,

मी चिपळुणात संगणक दुरुस्तीची कामे करतो. पावसाळ्याची दमट हवा सुरू झाली की ‘चालू करताना पीसी अडकतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. त्यातले बरेच जण आधी दुसरीकडे जाऊन आलेले असतात आणि तिथे त्यांना ठरलेले उत्तर मिळालेले असते, ‘विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावं लागेल,’ म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल. या एका वाक्यापायी लोकांचे काय जाते ते मी रोज बघतो, म्हणून हे पत्र.

परवा एक निवृत्त गुरुजी आले. देवस्थानाचे जुने कागद आणि उत्सवाच्या मानपानाच्या नोंदी त्यांनी टाइप करून ठेवल्या होत्या. मूळ कागद जुलै २०२१ च्या पुरात गेले, त्यामुळे संगणकातली प्रत तेवढी उरली होती. दुरुस्तीवाल्याने त्यांना सांगितले, ‘डी ड्राइव्हमधलं सगळं राहील, काळजी नको.’ गुरुजींच्या फाइली होत्या डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये. या दोन्ही जागा सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात आणि पुसला जातो तो सी ड्राइव्हच, हे त्यांना कोणी सांगितले नाही. फाइली गेल्या, पैसे गेले आणि आठवडाभरात पीसी पुन्हा तिथेच अडकला. कंपनीचा लोगो यायचा, पुढे काही नाही. मी कॅबिनेट उघडून रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढली, तर तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर. खोडरबराने हलक्या हाताने तो पुसला, स्लॉटमधली धूळ ब्रशने झाडली, खटका लागेपर्यंत पट्टी दाबून बसवली. पीसी सुरू झाला. विंडोजला मुळात काहीच झाले नव्हते.

पीसी नेमका कुठे थांबतो हे आधी बघावे. लोगोखाली फिरणारे ठिपके आलेच नसतील, तर बहुतेक वेळा विंडोजची पाळीच आलेली नसते, मग ते नव्याने टाकून काय होणार? अशा वेळी प्रिंटर, पेनड्राइव्ह, कार्डरीडर काढून फक्त कीबोर्ड-माऊसवर चालू करून बघावे. अडकलेल्या एखाद्या पेनड्राइव्हमुळेही मशीन तिथेच थांबते. तारीख जुनीच दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरचा) सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा. तो संपला की बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधली, सेटिंग पुसली जातात आणि काही मशीनवर डिस्कचा मोड बदलल्याने विंडोज उठत नाही. हे करताना पिन भिंतीतून काढावी, मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र घरी कधीच उघडू नये, पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

ठिपके फिरतच राहिले, तर हार्डडिस्क, ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) किंवा अर्धवट राहिलेला अपडेट यांवर संशय घ्यावा. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता बंद पडले की विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतात. तिथून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाता येते, शेवटचा अपडेट काढता येतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र काहीही चालवू नये, डिस्क तपासणारे चेकडिस्कसुद्धा नाही. पीसी लगेच बंद करून डिस्क डेटा काढणाऱ्याकडे न्यावी. आवाज नसेल आणि डिस्क नुसती मंदावली असेल, तर लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून पीसी चालू करून फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. फॉरमॅटचा विचार त्यानंतर.

हल्ली आणखी एक कारण पुढे केले जाते, ‘विंडोज १० बंद झालंय, म्हणून अडकतं.’ १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, हे खरे. सुरक्षेसाठी ती काळजीची बाब आहे, पण त्यामुळे मशीन लोगोवर गोठत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. फॉरमॅटपूर्वी ग्राहकाला सी ड्राइव्ह उघडून दाखवा, त्यातले काय ठेवायचे ते विचारा आणि सापडलेला बिघाड पावतीवर लिहा. ‘सर्व्हिसिंग’ एवढ्याच शब्दावर पैसे घेऊ नका. आणि ग्राहकांनो, मशीन आणण्याआधी बटण दाबल्यापासून अडकेपर्यंतचा पडदा मोबाइलवर चित्रित करून आणा. आवाजासकट.

– एक संगणक दुरुस्ती कारागीर, चिपळूण